मुकी घंटा

व्यायामाबद्दल मला लहानपणापासून अतिशय आदर आहे. आदरणीय गोष्टींपासून चार हात लांब उभं राहावं असे संस्कार आमच्यावर झाले असल्यामुळे मी व्यायामापासूनही तेवढंच अंतर राखून होतो. आमच्या सदाशिव पेठेत त्यात काही वावगं मानत नाहीत. शेजारच्या शुक्रवार पेठेत चिंचेची तालीम आहे, तिकडे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लाल माती अंगाला लावून घेतली. आमच्या पेठेचा भर मुख्यतः जिभेच्या व्यायामावर. ज्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची ही पेठ, ते १७६१ साली पानिपतावर लढले. त्यांच्या पेठेत राहणारा मी मंडईपर्यंत जायचं म्हटलं की आधी रिक्षा दिसते का ते बघतो. पर्वतीच्या एकशेतीन पायऱ्या मी अधूनमधून चढतो, पण फक्त बाहेरगावचे पाहुणे आले म्हणजे. तेही निम्म्यावर थांबून त्यांना पेशवाईचा इतिहास सांगत. इतिहास सांगताना दम खाता येतो, हा इतिहासाचा मोठाच उपयोग आहे.

तर असा हा माझा सदुसष्ट वर्षांचा निर्वेध संसार चालू असताना गेल्या वर्षी रक्त तपासलं. म्हणजे हिनं तपासायला लावलं. साखर थोडी वर, रक्तदाब थोडा वर. बँकेत चाळीस वर्षं काढून जी बढती मला मिळाली नाही, ती माझ्या रक्ताला मिळाली होती.

“चालता का?” डॉक्टरांनी विचारलं.

“रोज. नागनाथपारापासून निघतो, तो भिकारदास मारुतीपर्यंत जाऊन परत.”

“किती वेळ लागतो?”

“दीड तास.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. ते आमच्याच पेठेतले असल्यामुळे त्यांना हिशोब लगेच कळला. “यातला चालण्याचा वेळ वीस मिनिटं. उरलेला वेळ तुम्ही उभे राहून बोलता. याला चालणं म्हणत नाहीत, जनसंपर्क म्हणतात.”

मग त्यांनी मला एरोबिक व्यायाम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. हा शब्द घरोघरी पोचवला तो केनेथ कूपर नावाच्या अमेरिकेच्या हवाई दलातल्या डॉक्टरानं, १९६८ साली पुस्तक लिहून. शरीरातले मोठे स्नायू एका लयीत, न थांबता, बराच वेळ हलत राहिले पाहिजेत. म्हणजे हृदय आणि फुप्फुसं त्यांना प्राणवायू पुरवता पुरवता स्वतःच तयार होतात. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं असं काहीतरी करावं, आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना जोर द्यावा, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचेही व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगून ठेवलंय.

“वेग किती ठेवायचा?” मी विचारलं.

“साधी खूण आहे. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये.”

“डॉक्टर, गाता मला बसल्या जागीही येत नाही. आणि बोलायचं म्हणाल तर आमच्या पेठेतला माणूस बुडत असला तरी वाद घालील.”

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “पायांचं ठीक आहे हो. तुमचे हात बघा. भाजीची पिशवी कोण उचलतं?”

“ही.”

“पाण्याचा पंप बंद पडला तर बादली?”

“ही.”

“मग हातात थोडं वजन घेऊन व्यायाम करा. डंबेल्स घ्या. हलकेच घ्या.”

यावर एखादा विनोद करावा असं माझ्या मनात होतं, पण ओठांवर आला नाही, कारण मला एकदम अण्णा आठवले. आमचे वडील. वाड्याच्या चौकातल्या हौदावरून दोन हातांत दोन बादल्या घेऊन माडीचा अंधारा जिना चढायचे, आणि वरती पोचल्यावर धोतरावर पाण्याचा थेंब नसायचा. त्याच अण्णांना शेवटच्या वर्षी पाण्याचा पेला तोंडापर्यंत न्यायला दोन हात लागायचे. मग दोन हातही पुरेनात. मी पेला धरायचो आणि ते माझ्याकडे न बघता प्यायचे. त्यांचं ते न बघणं मी अजून विसरलेलो नाही.

डंबेल्सची गोष्ट मी मुलीच्या कानावर घातली. परगावी राहणाऱ्या मुलांना आईबापांसाठी काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही आणि हल्ली ते बोटानं करता येतं. तिसऱ्या दिवशी खोकं दारात. आणणारा पोरगा इतर चार पुडक्यांबरोबर ते काखोटीला मारून लीलया दोन जिने चढून आला. त्यानं ते माझ्या हातात दिलं आणि मी जिथल्या तिथे खाली बसलो. आत तीन-तीन किलोंची निळ्या रबराची जोडी होती. हलके घ्या, हा डॉक्टरांचा निरोप माझ्याकडून मुलीपर्यंत जाताना वाटेत कुठेतरी गळला असावा.

कुठलीही वस्तू वापरण्यापूर्वी तिच्याविषयी वाचावं, म्हणजे वापरणं तेवढंच लांबतं, हा माझा जुना शिरस्ता. म्हणून मी दोन दिवस डंबेलचा इतिहास वाचला. डंबेल म्हणजे शब्दशः मुकी घंटा. विलायतेत देवळातल्या प्रचंड घंटा दोरांनी ओढून वाजवीत. त्या ओढण्यानं दंड चांगले कमावले जात. मग कुणीतरी घरातल्या घरात तसंच ओढायचं एक यंत्र केलं, फक्त त्याला घंटा नव्हती. आवाज नाही म्हणून ती मुकी. पुढे तेच नाव या हातात धरायच्या वजनाला चिकटलं. जोसेफ ॲडिसन या नामांकित इंग्रज निबंधकारानं १७११ साली लिहून ठेवलंय की आपण रोज सकाळी तासभर खोलीच्या कोपऱ्यात या मुक्या घंटेचा व्यायाम करतो, आणि घरमालकीणबाई व त्यांच्या मुली तेवढ्या वेळात खोलीत डोकावतसुद्धा नाहीत. लंडनच्या घरमालकिणींबद्दल माझं मत तेव्हापासून फार चांगलं झालं आहे. पुढे सँडो नावाचा जर्मन पहिलवान आला. तो १९०५ च्या सुमारास हिंदुस्थानचा दौरा करून गेला. त्याचे स्प्रिंगचे डंबेल्स लोक विसरले, पण बिनबाह्यांच्या बनियनला आपण अजून सँडोच म्हणतो. एवढा मोठा बलभीम, शेवटी आमच्या गॅलरीत दोरीवर वाळत पडला.

तिसऱ्या दिवशी वाचायला काही उरलं नाही. मी सकाळी सहाला सँडो घालून उभा राहिलो. जागच्या जागी चालायचं आणि हात वरखाली करायचे. एक झालं, दोन झालं, तीनला उजवा खांदा ‘नाही’ म्हणाला, आणि चारला मुकी घंटा वाजली. फरशीवर. त्या आवाजानं समोरच्या इमारतीतली कबुतरं उडाली. ही आतून फक्त एवढंच म्हणाली, “पाय आहे ना?”

पाय होता. पुढचे चार दिवस हाच कार्यक्रम झाला. पाचव्या दिवशी जिन्यातल्या फळ्यावर सूचना लागली. अक्षर वळणदार, खडूनं काढलेलं:

“वरच्या मजल्यावरील रहिवाशांस. ही इमारत आहे, खलबत्ता नव्हे. पहाटे कुटावयाचे असल्यास स्वतःचे कपाळ कुटावे.”

अक्षर मी ओळखलं. सहीची गरजच नव्हती. आमच्या खाली पहिल्या मजल्यावर जे गृहस्थ एकटे राहतात, ते माझे शाळेतले ड्रिलमास्तर. वाडा पाडून ही इमारत झाल्यावर मी इथे फ्लॅट घेतला, त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मी त्यांना जिन्यात ‘नमस्कार’ घालतो आणि आपण त्यांचे विद्यार्थी आहोत हे लपवतो. कारण सांगण्यासारखं नाही, पण सांगतो.

ज्यांचं शिक्षण मराठी शाळेत झालंय त्यांना डंबेल्सची कवायत सांगायला नको. लाकडाचे, कातारी कामाचे, रंगाचे पट्टे ओढलेले ते हलके डंबेल्स. ‘दक्ष’ म्हटलं की छातीशी, मग समोर टक्, डोक्यावर टक्, गुडघ्याखालून टक्, पाठीमागे टक्. पांढरे गणवेश घातलेली दीडशे पोरं एकदम डंबेल्स वाजवायला लागली की मैदानावर टाळ्यांची सर आल्यासारखं वाटायचं. १९७० सालच्या स्नेहसंमेलनात ‘पाठीमागे टक्’ला माझा एक डंबेल सुटला. तो गडगडत थेट प्रमुख पाहुण्यांच्या पायाशी गेला. त्यांनी तो उचलला, आदरानं न्याहाळला आणि शाळेनं भेट दिली अशा समजुतीनं नारळाशेजारी ठेवून दिला. उरलेली कवायत मी एका डंबेलवर केली. एका डंबेलचा आवाज होत नाही. मी नुसता हवेत हात जोडत होतो, आणि मास्तर माझ्याकडे बघत होते.

तात्पर्य, मी माफी मागायला खाली गेलो. मास्तरांनी दार उघडलं. वय ब्याऐंशी, पण पाठ अजून दक्षमध्ये.

“या,” ते म्हणाले. “सातवी ब. शेवटून दुसरी रांग.”

मी गार झालो. “सर, तुम्ही मला ओळखत होता?”

“नव्हतो. चार दिवसांपूर्वी ओळखलं. चेहरे वयानं बदलतात, ठेका बदलत नाही. तीन आणि चारच्या मधे तुम्ही थांबता. तेव्हाही थांबायचात. अख्ख्या रांगेत एक टक् उशिरा यायची. किती वजन आहे ते?”

“तीन किलो. एकेक.”

“मारुतीची शेंदरी मूर्ती व्हायचंय का या वयात? ते सोफ्याखाली ढकला.” असं म्हणून त्यांनी ट्रंक उघडली आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक जोडी काढली. तीच. लाकडी. तांबडा पट्टा निम्मा उडालेला. मी हातात घेतली तर दोन्ही मिळून अर्ध्या किलोचीही नसेल.

“यानं काय होणार, सर?”

“पहिल्या मिनिटाला काही नाही. दहाव्या मिनिटाला सांगा.”

मी दहाव्या मिनिटापर्यंत पोचलोच नाही. सहाव्याला सांगितलं. पाय जागच्या जागी, गुडघे उचललेले, हात खांद्याच्या वर, टक् समोर, टक् वर. घामानं सँडो चिकटला. नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की मास्तर म्हणतात ते शास्त्राला धरून आहे. अमेरिकेत डायो लुईस नावाच्या गृहस्थानं १८६० च्या दशकात हेच सांगितलं होतं. जड वजन सावकाश उचलण्यापेक्षा हलके लाकडी डंबेल्स संगीताच्या तालावर चपळाईनं फिरवा. आणि १९८२ साली लेनर्ड श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरानं हातात वजनं घेऊन चालायच्या व्यायामावर पुस्तकच लिहिलं. पायांच्या जोडीला हातांनाही कामाला लावलं की शरीराला प्राणवायू जास्त लागतो, आणि पाय न दमता हृदयाला भरपूर काम मिळतं, असं त्याचं म्हणणं. हे डॉक्टर मुळात मानसोपचारतज्ज्ञ होते, हे मला फार योग्य वाटतं. नाहीतरी आपली लेझीम तरी काय आहे? हातात लाकूड आणि लोखंडी साखळी, पायात पवित्रा आणि पुढे हलगी. आम्ही त्याला एरोबिक्स म्हटलं नाही, एवढाच आमचा मागासलेपणा.

मास्तरांचे दोन नियम होते. मूठ घट्ट आवळायची नाही, आणि आकडे मोठ्यानं मोजायचे. “मोजणारा माणूस श्वास कोंडत नाही,” ते म्हणाले. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी मान डोलावली. रक्तदाबवाल्यानं मूठ आवळून श्वास रोखला की दाब चढतो, म्हणून मोजणं उत्तम. सबब मी रोज सकाळी साडेसहाला मोजू लागलो. मी तीन आणि चारच्या मधे थांबलो की खालून छताला ठोका बसायचा. जळमटं काढायच्या लांब झाडूचा दांडा मास्तर त्यासाठी पलंगाशेजारी ठेवत. पुढे पुढे ते पूर्ण अर्धा तास खालून ठोके देऊ लागले आणि मी वर टक् टक् करू लागलो. एकमेकांची तोंडं न बघता दोन शेजाऱ्यांनी इतका वेळ सहकार्य केल्याचं उदाहरण आमच्या पेठेत दुसरं नसेल.

महिन्याभरानं हीही शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हातांत अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या. तिनं पहिल्याच दिवशी वीस मिनिटं सहज काढली, वर मधेच गॅस बारीक करून आली. मी विचारलं, “तुला सवय कशी?” तिनं माझ्याकडे जे बघितलं, त्यात कुकर, पिशव्या, बादल्या, गाद्या, दोन पोरं आणि चाळीस वर्षं होती. मी पुढचे आकडे जरा हळू मोजले.

असे पाच महिने गेले. साखर उतरली. भाजीची पिशवी मी उचलू लागलो. आणि श्रावणातल्या एका सकाळी मी ‘एक’ म्हटलं, तर खालून ठोका आला नाही. ‘दोन’ म्हटलं. नाही. मुद्दाम तीन आणि चारच्या मधे थांबलो. तरी नाही.

“किल्ली,” ही म्हणाली. ती केव्हाच दारात पोचली होती.

मास्तर न्हाणीघरात पडले होते. पहाटे चारला. शुद्धीवर होते, पण उठता येत नव्हतं. उजवं मनगट मोडलं होतं. आम्ही दार उघडलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि मला बघून म्हणाले, “थांबलात. तीन आणि चारच्या मधे.” मी हसायचा प्रयत्न केला. ते मात्र माझ्याकडे बघत नव्हते. मी ते न बघणं ओळखलं.

प्लास्टर झालं. बंगलोरहून मुलगा आला, भला माणूस, म्हणाला, बाबांना घेऊन जातो. मास्तर काही बोलले नाहीत. हेच मला भयंकर वाटलं. सदाशिव पेठेतला माणूस आपल्याविषयीचा निर्णय ऐकून घेतो आणि हरकत नोंदवत नाही, म्हणजे प्रकरण गंभीर. झाडू कोपऱ्यात उभा होता. वर मी एकटा मोजत होतो, आणि कुणी चूक काढत नसल्यामुळे रोज जास्त चुकत होतो.

आठवड्यानं मी लाकडी जोडी घेऊन खाली गेलो. “हे परत घ्या सर.”

“मी काय करू? एक हात गळ्यात.”

“डावा आहे.”

“एका डंबेलचा आवाज होत नाही,” ते म्हणाले. “तुम्हांला ठाऊक आहे.”

“म्हणून तर एक माझ्याकडे ठेवतो.”

मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसलो. पाय जमिनीवर आपटायचे, डावा, उजवा. त्यांनी डावा हात पुढे केला. हात थरथरत होता. मी माझा डंबेल पुढे केला. पहिल्या खेपेला हुकलं. दुसऱ्या खेपेला अगदी हलकं, पण झालं: टक्.

“एक,” मास्तर म्हणाले. मोठ्यानं.

मुलगा दारात उभा राहून बघत होता. त्यानं जायचं तिकीट दोघांचं काढलं होतं, गेला एकटाच. प्लास्टर सुटेपर्यंत त्यांच्याकडे रात्री झोपायला एक मुलगा ठेवला, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. आता प्लास्टर सुटलंय. डॉक्टरांनी मनगटाला चालेल तेवढंच वजन सांगितलंय, ते लाकडी डंबेलाएवढंच भरतं. मास्तर अजून खुर्चीतच करतात, पण शेवटची चार मिनिटं खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहतात.

आम्ही तिघंही आता खालीच जमतो. टक्टक् ऐकून तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली, तेव्हा फळ्यावर नवी सूचना लागली. अक्षर थोडं वाकडं आहे, डाव्या हातानं लिहिलंय:

“सकाळी ६.३० ते ७ आवाज होईल. हरकत असल्यास दोन बाटल्या पाणी भरून समक्ष यावे.”

बाई हरकत घेऊन समक्ष आल्या. आता रोज येतात. परवा मला पोचायला दोन मिनिटं उशीर झाला. दार उघडं होतं, तिघांचे हात वर होते, आणि मास्तरांनी मान न वळवता हाक दिली,

“सातवी ब! अजून तीन आणि चारच्या मधेच का?”